झाकण लागलेलं होतं

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण जेवणाच्या डब्याला लोक उगाच डोक्यावर बसवतात. मी मधल्या वेळचा. तळहाताहून थोडा मोठा, जाड पत्र्याचा, आत एक सरकती पट्टी आणि दोन्ही बाजूंना कड्या. कडी लावली की असा खटकन आवाज होतो की शेजारचा माणूस वळून बघतो. प्लास्टिकच्या डब्यांचं काय सांगता? चारही कोपरे दाबत बसायचं, तिसरा दाबेपर्यंत पहिला सुटलेला असतो. त्यांना डबा म्हणायचं तर खुशाल म्हणा, मला त्यांच्याशी नातं सांगायला लावू नका.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे तपासणीला एक बाई बसायच्या. माझा पत्रा चुकून दीडपट जाड आला होता. त्यांनी मला हातात घेऊन तोलून बघितलं आणि म्हणाल्या, "हा रिकामाच भरल्यासारखा लागतोय."

"मग बाद करू?" बाजूच्याने विचारलं.

"कशाला? टिकेल चांगला."

झालं! त्या दिवशी जो मी फुगलो तो फुगलोच. दुकानातल्या फळीवर इतर डब्यांना मी हेच ऐकवायचो. तुम्ही भरल्यावर जड होता, मी मुळातच जड आहे.

माझा पहिला मालक कचेरीतला होता. रविवारी मला घेऊन आला आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उद्यापासून बाहेरचं खाणं बंद." सोमवारी काय तो थाट! गाजराचे एकसारखे तुकडे, भिजवलेले बदाम, सफरचंदाच्या फोडी, वर लिंबू पिळलेलं. खाण्याआधी त्याने माझा फोटो काढला. मंगळवारी नुसतं सफरचंद. बुधवारी वेफर्सचं पाकीट फोडून माझ्यात ओतलं. पाकिटातलं डब्यात घातलं की ते पौष्टिक होतं, अशी या जमातीची प्रामाणिक समजूत आहे. गुरुवारी मी टेबलाच्या खणात गेलो, एका उरलेल्या फोडीसकट, आणि पाच आठवडे तिथेच होतो. सफरचंदाचं पुढे काय काय होतं ते मला विचारा. नको, विचारू नका.

एकदा त्याची बहीण घराची किल्ली द्यायला कचेरीत आली. तिने नाकाला पदर लावला.

"दादा, काय मेलंय रे इथे?"

"तो डबा असेल," तो म्हणाला. "तुला हवा तर घेऊन जा."

अशी मी दुसऱ्या घरी बदली करून घेतली. बहिणीने मला तीनदा उकळत्या पाण्यात घातलं. बाई कामाची होती, एवढं कबूल करतो.

ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती आणि उजाडायच्या आत घरातून निघायची. तिचा नवरा उंच क्रेन चालवायचा. इमारतीचं काम चालतं तिथे आकाशात एक लांब हात फिरताना दिसतो ना, त्याच्या टोकाखालच्या काचेच्या खोपटात बसायचा. शिडीने वर चढायलाच पंधरा मिनिटं लागत, म्हणून एकदा वर गेला की दुपारी जेवायलाच खाली. साइटवर त्याला सगळे 'वरचे' म्हणत. "वरच्यांना विचारा", "वरच्यांची मर्जी", असे विनोद दिवसभर चालायचे. वरच्यांना ते फार आवडायचं. माणसाला जरा उंचावर बसवलं की त्याला वाटतं उंची आपलीच आहे.

आता खरी गोष्ट. वरच्यांना साखरेचा आजार होता. सकाळी सुई टोचून घ्यायची, आणि दर तीन तासांनी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम उतरते, हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं. हे घरात माहीत होतं. साइटवर कोणाला नाही. वर्षातून एकदा तपासणीचा कागद यायचा, त्यातल्या आजाराच्या रकान्यात हे महाशय सहा वर्षं 'नाही' लिहीत आले होते.

"अहो, सांगून टाका ना एकदाचं," बायको म्हणायची.

"सांगितलं की खाली बसवतील."

"बसवू देत. खाली माणसं राहतच नाहीत का?"

"डबा आहे ना बरोबर," ते म्हणायचे आणि माझ्यावर टिचकी मारायचे.

म्हणजे बघा. एका माणसाचा जीव, त्याची नोकरी आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांची डोकी, हे सगळं माझ्या भरवशावर. मला यात काहीच वावगं वाटत नव्हतं. मी तर म्हणायचो, योग्य माणसाकडे, म्हणजे डब्याकडे, काम दिलंय.

घरात माझ्यासाठी एक नियम होता. नवरा, बायको आणि त्यांची लेक, तिघांच्या वेळा तीन, सकाळी एकमेकांची तोंडंसुद्धा दिसायची नाहीत. म्हणून मी धुऊन ओट्यावर उघडा असलो, झाकण बाजूला पालथं, तर रिकामा. झाकण लावून कड्या घातलेल्या असल्या, तर भरलेला. कधी लेक रात्रीच भरून ठेवायची, नाहीतर बायको पहाटे भरायची. भाजलेले शेंगदाणे, चार खजूर, एक उकडलेलं अंडं, पावाच्या दोन चकत्या. चिठ्ठी नको, विचारणं नको. सहा वर्षांत एकदाही चुकलं नाही.

साइटवर मात्र माझ्या नशिबी एक ध्यान होतं. खाली उभी राहून वॉकीटॉकीवर आणि हाताने वरच्यांना खुणा करणारी एक पोरगी. भार कुठे न्यायचा, किती उतरवायचा, सगळं ती सांगायची. तिला सगळे खूणवाली म्हणत. ही बया दिवसभर चरायची. आणि कसं? खिशातून! बिस्किटं नुसतीच खिशात, कागद नाही, पिशवी नाही. त्याच खिशात खडू, किल्ल्या, दोरीचे तुकडे. एक बिस्कीट काढायचं, मांडीवर पुसायचं आणि तोंडात. जेवणाच्या सुट्टीत मला शेजारी ठेवत तेव्हा मला तिच्या खिशाकडे बघवत नसे. एकदा ती वरच्यांना म्हणाली, "काका, डबा बाकी झकास आहे तुमचा."

"वजन बघ," वरचे म्हणाले.

तिने मला उचललं. "बाप रे! काय भरलंय एवढं?"

मी तेव्हा रिकामा होतो. मनातल्या मनात इतका हसलो की काय सांगू.

मागच्या वर्षी वरच्यांचे वडील त्या घरी राहायला आले. आजोबा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत होते. डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं बसलेला माणूस, त्याचा धुळीवर केवढा राग! कुठेही काही उघडं दिसलं की यांचे हात शिवशिवायचे. येऊन दोनच दिवस झाले होते. रात्रीच्या जेवणानंतर ओट्यावर मी त्यांना दिसलो, धुतलेला, उघडा, झाकण बाजूला. त्यांनी चष्म्याच्या फडक्याने मला आतून बाहेरून कोरडा केला, झाकण बसवलं आणि दोन्ही कड्या लावल्या. खटकन, खटकन.

माझा नियम त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. घरातला नियम सांगावा लागतो, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मला ठाऊक होतं. पण मला तोंड आहे ते फक्त उघडण्या-मिटण्यापुरतं.

पहाटे बायको आली. मला उचलून खालचा ओटा पुसला आणि परत ठेवलं. स्वतःशीच म्हणाली, "रात्रीच भरला वाटतं पोरीने. शहाणी झाली."

मग लेक आली, जांभई देत. "आईने भरलाय," म्हणत तिने मला बापाच्या पिशवीत टाकलं, पाण्याच्या बाटलीशेजारी.

शेवटी वरचे आले. साइटवर माल घेऊन गाडी आधीच येऊन उभी होती, मुकादमाचा फोन वाजत होता, नाश्ता अर्धा टाकला, सुई मात्र पूर्ण घेतली. निघताना पिशवीत हात घालून मला बाहेर काढलं, तोललं आणि खूश होऊन म्हणाले, "आज बरंच भरलंय."

हॅ! आणि मला, सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं.

दहाच्या सुमारास वरच्यांच्या कपाळावर घाम आला. दोन भारांच्या मध्ये त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि कड्या उघडल्या. आत स्वच्छ, कोरडा, चकचकीत पत्रा. त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा. त्यांनी झाकण लावलं. पुन्हा उघडलं. दुसऱ्यांदा उघडल्यावर डबा आपोआप भरतो असं माणसांना का वाटतं, देव जाणे.

हातात वॉकीटॉकी होता. एक वाक्य बोलायचं होतं, मला बरं वाटत नाही. पण नाही! सहा वर्षं जपलेला तोरा एका वाक्यात कसा सोडायचा?

"वरचे, चला, सळ्या उचला," मुकादम खालून म्हणाला.

"हो, हो," वरचे म्हणाले. "एवढा उतरवतो आणि खाली येतो." अन् त्यांनी सळ्यांचा अख्खा गठ्ठा उचलला. त्याखाली सात-आठ माणसं काम करत होती. माझी पाचावर धारण बसली.

"काका, डावीकडे," खूणवालीचा आवाज आला.

गठ्ठा उजवीकडे सरकला.

"काका, मी डावीकडे म्हटलं."

"डबा तर भरला होता," वरचे म्हणाले. जीभ जड झाली होती.

खूणवालीने मान वर करून खोपटाकडे बघितलं. मग ती एकदम ओरडली, पण वरच्यांवर नाही. "सगळे बाजूला व्हा! काय झालं ते मग विचारा, आधी बाजूला व्हा!" शिट्टीवर शिट्टी. माणसं पांगली. मग तोच आवाज हळू झाला, लहान मुलाला भरवतात तसा.

"काका, ऐका. आता फक्त खाली. दुसरं काही नाही. खाली. अजून खाली. मी आहे. अजून. बस्स. आता हात काढा दांड्यावरून. काढलात?"

"काढले."

"काही शिवायचं नाही. मी येतेय."

जी बया दोन जिने चढली की कठड्याला टेकून बिस्कीट खायची, ती तेवढी शिडी एका दमात चढली. खोपटात शिरली तेव्हा तिला बोलवत नव्हतं. खिशात हात घातला, बिस्किटं काढली, खडूचा चुरा आणि दोरीचे धागे चिकटलेली. मांडीवर पुसली आणि वरच्यांच्या तोंडात कोंबली.

"चावा. चावा, काका. माझ्या आईला असंच व्हायचं. चावा."

वरचे चावत होते. हनुवटीवरून चुरा सांडत होता. मी, दीडपट जाड पत्र्याचा, दोन कड्यांचा, पायाशी पडून होतो. त्या खोपटात माझ्याइतकं निरुपयोगी दुसरं काही नव्हतं.

थोड्या वेळाने तिची नजर माझ्यावर गेली. तिने मला उघडलं. "रिकामा डबा घेऊन वर येता होय?"

वरच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "झाकण लागलेलं होतं गं," ते म्हणाले.

तिने फार बडबड केली नाही. एवढंच विचारलं, "मुकादमाला तुम्ही सांगता की मी सांगू?"

खाली उतरल्यावर त्यांनी स्वतः सांगितलं. त्यानंतर त्यांना वर पाठवलं नाही. आता ते खूणवालीच्या शेजारी उभे राहून खुणा करतात, वर दुसराच कोणी बसतो. 'वरचे' हे नाव तसंच राहिलं, लोकांना बदलायचा कंटाळा. सुरुवातीचे काही महिने ते मान वर करून त्या खोपटाकडे बघत राहायचे. बायकोला आता पहाटे निघताना त्यांच्या जिवाचा घोर नसतो.

हे घडलं त्याच संध्याकाळी घरात आजोबा मला मांडीवर घेऊन बसले होते. "मीच लावलं झाकण. धूळ जाईल म्हणून."

"बाबा, आम्हीच सांगितलं नाही तुम्हाला," बायको म्हणाली. लेक कोपऱ्यात रडत होती. वरचे म्हणाले, "मी तरी कुठे कोणाला सांगितलं होतं?" त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य.

आता तो नियम मोडीत निघालाय. रोज सकाळी आजोबा डोळ्याला भिंग लावतात, मला उघडतात, शेंगदाणे-खजुरांची घड्याळासारखी तपासणी करतात आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल असं ओरडतात, "आहे!" काय हा पोरकटपणा! आणि माझ्या पट्टीपलीकडे, कोपऱ्यात, तीन बिस्किटं कायमची असतात. खूणवालीने ठेवलेली, तिच्याच खिशातली. शिळी झाली की ती बदलते. त्यांना आजही खडूचा वास येतो. मी नाक मुरडत नाही. मुरडायला तोंड कुठे उरलंय मला?

माणसांना मी अजूनही फारसं मानत नाही. फोटो काढून सफरचंद कुजवणारे, रकान्यात 'नाही' लिहिणारे, न विचारता गृहीत धरणारे. पण एक विनवणी करतो, आणि मी विनवण्या करणाऱ्यांपैकी नाही. मला उचलून अंदाज बांधू नका. उघडा आणि आत बघा. भरलाय असं कोणी सांगितलं तरी बघा. त्या दिवशी मी तिघांच्याही हातात आलो होतो, आणि तिघांनाही भरल्यासारखाच लागलो होतो.