बारा दिवसांची रात्र

लसताचा चेहरा त्या मलमाने बिघडला, माझ्या हाताने बिघडला, की ख्या रुसला म्हणून बिघडला, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. तेव्हा प्रत्येकाने आपापलं कारण सांगितलं आणि ज्याचं ऐकावं त्याचं मला पटत गेलं.

लसता माझ्या मुलाची मुलगी. त्या माघात तिला तेरावं सरत आलं होतं. पाळी येण्याआधी मुलीला बारा दिवस अंधाऱ्या खोलीत बसवायचं आणि बाराव्या दिवशी बाहेर काढून सूर्याशी तिचं लग्न लावायचं, हे आम्हा नेवारांच्या घरात चुकत नाही. त्यालाच आम्ही बारा म्हणतो. वय विषम लागतं. लसताचं अकरावं वर्ष तिच्या आजोबांच्या सुतकात गेलं, म्हणून तेरा उजाडलं. पंधरापर्यंत पाळी थोडीच थांबणार? घाई होती.

आणि नेमका तेव्हाच तिचा चेहरा फुटला. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे मुरमं. माझी सून प्रमिला तिला पुलचोकला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही गेले. पोर घरात माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली, मला राहवेना.

डॉक्टर तरुण होत्या, पण बोलणं सावकाश. त्यांनी एक ट्यूब लिहून दिली. अ जीवनसत्त्वापासून केलेलं मलम आहे म्हणाल्या.

"मटारच्या दाण्याएवढं घ्यायचं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. रात्री झोपण्याआधी. तोंड धुऊन, चांगलं कोरडं झाल्यावर. उन्हात जायचं नाही. पहिले काही आठवडे मुरमं वाढल्यासारखी वाटतील, घाबरून बंद करू नका."

मी विचारलं, "रात्रीच का हो? दिवसा लावलं तर?"

"याला उजेड सोसत नाही, आजी. उन्हाने मलमाची ताकद जाते. शिवाय हे लावलं की कातडीही उन्हाला नाजूक होते."

मी मनात म्हटलं, देवाने कसं जुळवून आणलंय! बारा दिवस मुलगी अंधारात. मलम काय सुरेख काम करील! प्रमिलाला उलटीच काळजी. "पण डॉक्टर, बाराव्या दिवशी तिला सूर्याकडे बघायचंय."

डॉक्टर हसल्या. "सकाळचं कोवळं ऊन ना? दोन मिनिटं बघू दे. नवऱ्याचं तोंड बघू नको असं मी कसं सांगू?"

पंधरा दिवस प्रमिलाने स्वतः मलम लावलं. मग मुहूर्त निघाला आणि लसताला आत बसवलं. माडीवरच्या खोलीच्या खिडक्यांवर रजया ठोकल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. भिंतीवर कापसाचा ख्या चिकटवला, काळ्या डोळ्यांचा. ख्या म्हणजे त्या अंधारातलं भूत आणि मुलीचा राखणदारही. त्याला आधी घास द्यायचा, मग मुलीने खायचं. त्याला नीट सांभाळलं की मुलीला रूप येतं, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पुरुषाचं तोंड बघायचं नाही, म्हणून माझा मुलगा जिन्यावरून जाताना उगाच खोकत जायचा.

प्रमिला बँकेत. तिने ट्यूब माझ्या हातात दिली. "आई, झोपण्याआधीचं मलम तेवढं तुम्ही लावा. मी येईपर्यंत ही झोपलेली असते."

त्या खोलीत पाऊल टाकलं आणि मला माझं बारा आठवलं. मी नऊ वर्षांची होते, सोबत चुलत बहीण ज्ञानी. दोघी एका गोधडीत. बाहेरून गल्लीतल्या तांबटांच्या हातोडीचा आवाज यायचा, त्यावरून आम्ही दिवस ओळखायचो. हातोडी थांबली की रात्र. आमच्या चेहऱ्याला सहाव्या दिवसापासून उटण्यासारखा लेप लावायचे, त्याचा वास अजून नाकात आहे. बाहेर आले तेव्हा आत्या म्हणाली होती, चंद्र निघाला गं. मला मुरमं होती का तेव्हा? आठवत नाही. त्या खोलीत आरसा नसतो.

लसताच्या वेळी गल्लीत हातोड्या उरल्या नव्हत्या. दिवस कळायला काही वाटच नव्हती. मिणमिणता दिवा, मी आणि ती. पोरीला करायला काय? पत्ते खेळायची, खायची, झोपायची. उठायची, पुन्हा झोपायची.

"आजी, रात्र झाली का गं?"

"इथे रात्रच आहे, बाळा."

हे मी सहज म्हटलं आणि माझं मलाच पटलं. डॉक्टर रात्री लावा म्हणाल्या ते का, तर उजेड सोसत नाही म्हणून. इथे उजेड कुठे आहे? झोपण्याआधी लावा म्हणाल्या. ही तर दिवसातून चारदा झोपते. मग एकदाच का लावायचं? बाराव्या दिवशी पोरीला ऐंशी माणसांसमोर उभं राहायचंय. मी दर झोपेआधी तिचं तोंड पुसून, वारा घालून मलम लावू लागले. ती अर्धवट झोपेत "थंड आहे" म्हणायची आणि कूस बदलायची.

दाण्याचाही माझा गोंधळ झाला. मटारचा दाणा म्हणजे वाळलेला की भिजवलेला? आमच्या घरात मटार कायम भिजत घातलेला असतो. मी भिजवलेला धरला.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आजी, तोंड ओढल्यासारखं होतंय."

"औषध लागतंय," मी म्हटलं. वाढल्यासारखं वाटेल, घाबरू नका, हे डॉक्टरांचंच वाक्य होतं ना?

सहाव्या दिवशी तिच्या मैत्रिणी खाऊ घेऊन आल्या. त्यातल्या एकीने दिवा उचलून तिच्या तोंडाशी धरला. "अगं बाई, लसता! तू साप आहेस का? कात टाकतेयस!" सगळ्या खिदळल्या. लसताही हसली, पण तिचा हात गालावर गेला तो तिथेच राहिला. मग माझी मुलगी केशरी, म्हणजे लसताची आत्या, लेप घेऊन आली. बोट टेकवलं मात्र, पोर किंचाळलीच. लेप पुसून काढला तर खालचं सगळं लाल, ओठांच्या कडा सोललेल्या.

केशरीसोबत गुरुमां आल्या होत्या, आमच्या उपाध्यायांच्या बायको. त्या पुढे वाकल्या, एकदा लसताकडे आणि एकदा भिंतीकडे बघितलं.

"ख्या रुसलाय. मुलीच्या हातून काहीतरी घडलंय."

मला खरंच कळेना. मलम वाढवलं तरी वाईट होतंय, म्हणजे मलमाचं नसेल. की मलमाचंच आहे, पण बरं होण्याआधीचं आहे? की ख्या? त्या दिवसापासून ख्यापुढे दुप्पट पोहे आणि अंडं ठेवायला सुरुवात झाली. मलमही मी सोडलं नाही. दोन्ही असू द्यावं म्हटलं. प्रमिलाने विचारलं तेव्हा तिलाही डॉक्टरांचं तेच वाक्य ऐकवलं.

त्या संध्याकाळी लसता माझ्या कुशीत शिरून कुजबुजली, "आजी, मी एक केलंय. तिसऱ्या दिवशी त्याला द्यायच्या आधी मी एक लाडू खाल्ला. भूक लागली होती."

"एका लाडवाने कोण रुसतं?"

"गुरुमां म्हणाल्या ना." आणि रडू लागली. रडली की गालांवर पाणी झोंबायचं, झोंबलं की आणखी रडायची.

दहाव्या दिवशी तिने जाहीर केलं, "मी बाहेर येणार नाही. झाकलेलं तोंड उघडलं की सगळे म्हणतील, हिच्यावर ख्या कोपलाय. शाळेतसुद्धा म्हणतील. मला नाही लग्न करायचं सूर्याशी."

बाहेर आली नाही तर बारा फुकट. वर गावभर तोच बोभाटा, की या मुलीला ख्याने टाकलं. मी समजावून थकले.

त्याच संध्याकाळी प्रमिलाने ट्यूब उचलली. दाबली. पुन्हा दाबली. "आई, ही संपली कशी? डॉक्टर म्हणाल्या होत्या दोन महिने पुरेल."

तिने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर मीही ऐकत होते.

"रोज किती वेळा लावता?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदाच, रात्री," प्रमिला म्हणाली.

"एकदा लावून इतक्यात ट्यूब संपत नाही हो. आजी आहेत का तिथे?"

"आहे," मी म्हटलं. "रात्रीच लावलं."

"किती रात्री?"

मी बोटं मोजली. खोटं बोलायचं नव्हतं. "चाळीसेक."

डॉक्टरांनी हसू दाबत विचारलं, "दहा दिवसांत चाळीस रात्री?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता लगेच बंद. लेपही नाही, साबण नाही. साधं व्हॅसलीन लावा. दोन-तीन दिवसांत आग शमेल. जास्त लावून लवकर गुण येत नाही, आजी, नुसती कातडी जळते. पुढच्या आठवड्यात मला दाखवा, मग एक दिवसाआड सुरू करू."

प्रमिलाने व्हॅसलीनची डबी माझ्यासमोर ठेवली, जराशी आपटूनच.

मला वाटलं, चला, उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी केशरीला आणि गुरुमांना बोलावून सांगितलं, चूक माझी, ख्याचा काही संबंध नाही.

केशरी म्हणाली, "आई, नातीसाठी किती गं खोटं बोलशील?"

"अगं, खरं सांगतेय!"

"आजीचं काळीज," गुरुमां मान हलवत म्हणाल्या. "दोष स्वतःवर ओढून घेते. औषधाने कधी कुणाचा चेहरा बिघडतो का?"

कबुली दिली, तर ती घ्यायलाच कुणी तयार नाही! आणि त्यांचं ऐकता ऐकता मलाही वाटू लागलं, खरंच, औषधाने कसं बिघडेल? माणूस बरं व्हायला औषध लावतो.

आत गेले तर लसताचंही तेच. "तू लावत होतीस ते मला माहीत आहे. पण ते औषध होतं आजी. लाडू मी खाल्ला." तिने भिंतीकडे तोंड केलं. "मी येणार नाही."

मी तिच्याशेजारी बसले. डबीतलं व्हॅसलीन बोटावर घेतलं आणि तिच्या कपाळाला लावू लागले. तिने मला थांबवायला माझा डावा हात धरला आणि धरूनच ठेवला.

"आजी, तुझा हात असा काय गं? खरखरीत?"

"कसा?"

"दिव्यापाशी आण."

मी आणला. हाताची पाठ लालबुंद, कातडीचे पापुद्रे सुटलेले. भांड्यांमुळे असेल म्हणून मी लक्षच दिलं नव्हतं. आणि मग आठवलं. महागाचं मलम, बोटाला उरलेलं वाया कशाला घालवायचं? दर वेळी मी ते डाव्या हाताच्या पाठीवर पुसत होते. चाळीस वेळा.

हे तिला सांगितलं. ती माझा हात उलटसुलट करून बघत राहिली. मग म्हणाली, "तूपण लाडू खाल्लास का गं ख्याच्या आधी?"

"दात तरी आहेत का लाडू खायला?"

ती हसली आणि लगेच "आई गं" म्हणून गाल धरले. "हसवू नकोस, ओढतंय." पण हसणं थांबेना. माझंही थांबेना. का हसतोय ते दोघींनाही नीट कळत नव्हतं.

बाराव्या दिवशी पहाटे तिला न्हाऊ घातलं, लाल साडी नेसवली, दागिने घातले. तोंडावर पदर ओढून गच्चीवर आणलं. पितळी परातीत पाणी भरून ठेवलं होतं, कारण नवरी सूर्याला आधी पाण्यात बघते, मग वर. सगळ्या बायका दाटीने उभ्या. केशरीने पदर दूर केला. लाल, सोललेलं, व्हॅसलीनने चकाकणारं तोंड. कुणीतरी जिभेने चक् केलं. गुरुमांनी ख्याचं नाव घेतलंच.

लसताने माझा डावा हात पकडला आणि सगळ्यांसमोर उंच केला. "गुरुमां, आधी हा बघा. आजीलाही त्याच मलमाने असं झालंय. चाळीसदा लावलंय. मी झोपेत होते, मोजलं नाही, पण ट्यूब रिकामी आहे."

गुरुमांनी माझा हात हातात घेतला. नखाने एक पापुद्रा हलकेच उचलून बघितला. मग म्हणाल्या, "मग आता तुम्हालाही बसवायचं का बाराला, आजी? तुमचं वय तरी विषम आहे का?"

"एकाहत्तर," मी म्हटलं. गच्चीवर हशा पिकला. केशरी मात्र हसली नाही. ती आजही म्हणते, ख्या दोघींवरही रुसला होता, आणि ती म्हणते तेव्हा मला ते खोडून काढता येत नाही.

समोरच्या देवळाच्या छपरामागून ऊन आलं. लसताने परातीत बघितलं आणि मान वर केली. तेवढ्यात प्रमिला छत्री उघडून धावत आली.

"अगं, नवरानवरीच्या मध्ये छत्री?" गुरुमां ओरडल्या.

"डॉक्टर म्हणाल्यात, दोनच मिनिटं!" प्रमिलाने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "लसता, झाली बघ दोन. खाली बघ. ऐकतेस का? पुरे आता!"

लसताने छत्रीची काडी धरून ती बाजूला केली. डोळे मिचमिचे, गाल लाल, पण मान काही खाली आली नाही.

"थांब ना गं आई. आत्ता कुठे ओळख होतेय."