आखूड तुकडा

मला आता देखण्या चित्रांची किळस येते. आमच्या साहेबांना मात्र त्यांची भारी हौस. प्रयोगशाळेत पोलिसांकडून तपासायला रेकॉर्डिंग आलं की आवाजाचं चित्र काढायचं, अहवालाला जोडायचं आणि खाली सही माझी.

चित्रासाठी आवाज तुकड्या-तुकड्याने बघावा लागतो. तुकडा लांब घेतला की स्वरांच्या रेघा सुबक उमटतात, पण काय नेमकं कधी घडलं ते पुसट होतं. आखूड घेतला की क्षण न् क्षण दिसतो, रेघा मात्र फिसकटतात. म्हणून दोन्ही चित्रं काढायची असतात. आम्ही वर्षानुवर्षं लांबचंच काढलं, कागदावर शोभतं म्हणून.

परवा एका नर्सबाईचं रेकॉर्डिंग आलं. "ते औषध मीच दिलं," असं ती म्हणत होती. रुग्ण दगावला होता. रेकॉर्डिंग खरं ठरलं तर बाई तुरुंगात. चित्र नेहमीसारखंच गोजिरवाणं. पण ऐकताना मागच्या पंख्याची घरघर मध्येच अडखळली. मी आखूड तुकडा लावला. "औषध" आणि "मीच" यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ. दोन वेगळी वाक्यं कापून जोडली होती.

साहेब चहात बिस्कीट बुडवत होते.

"अगं, हे काय फिसकटलेलं? नेहमीचंच जोड."

"साहेब, इथे सांधा आहे. बाई फुकट आत जाईल."

"आणि उद्या कुणी विचारलं, आधीच्या अहवालांना हे का नाही लावलं? सह्या कुणाच्या आहेत त्यांवर?"

बिस्कीट तुटून चहात पडलं. त्यांनी ते बोटाने काढून चाटलं. मला शिसारी आली.

मी दोन्ही चित्रं जोडून अहवाल स्वतः पाठवला. चला, आपण तरी त्यातले नाही, असं म्हणत डबा उघडला. पहिल्याच घासाला एक जुना अहवाल आठवला.

चार वर्षांपूर्वी माझ्या अहवालावर एक ड्रायव्हर आत गेला होता. त्याची बायको दारात येऊन विचारून गेली होती, "ताई, नीट बघितलंत ना?"

"अगदी नीट," मी म्हणाले होते. वर जरा रागावलेही होते.

डबा तसाच ठेवून ते रेकॉर्डिंग काढलं आणि आखूड तुकडा लावला. एक नाही, तीन उभ्या रेघा. चष्म्याशिवाय दिसाव्यात इतक्या ठळक.

शेजारी जुना अहवाल उघडा होता. त्यावरचं चित्र फारच सुरेख होतं, आणि खालची सहीही.