बेचाळीस डबे तेलुगू

अल्लीपूरच्या बाजारओळीत तानबाजींचं किराण्याचं दुकान आहे. सकाळी शटर वर गेलं की ते आधी उदबत्ती लावतात आणि फळ्यांवरच्या एकेका डब्यापुढून फिरवतात. मिठापासून सुरुवात, एरंडेलापाशी शेवट. एकूण बेचाळीस डबे. इतक्या वर्षांत यात कधी खंड पडला नाही. पण गेल्या संक्रांतीपासून उदबत्ती फिरवता फिरवता ते काहीतरी पुटपुटायला लागले, आणि गिऱ्हाइकांना वाटलं, म्हाताऱ्यानं कुण्या बाबाचा मंत्र घेतला.

"उप्पु, बिय्यम, पप्पु, चक्केरा..."

"कोनता देव म्हनाचा हा?" एकाने विचारलंच.

"देव नाई. मीठ, तांदूळ, डाळ, साखर," तानबाजी म्हणाले. "तेलुगूत."

त्याचं कारण होतं नात. मुलगा नीलेश करीमनगरला नोकरीला लागला, तिथलीच श्रीलता त्याने बायको करून आणली. त्यांची गुंजन आता पाच वर्षांची. तिला तेलुगूशिवाय काही येत नाही. मागच्या उन्हाळ्यात ती पंधरा दिवसांसाठी अल्लीपूरला आली आणि दुसऱ्याच दिवशी रडायला लागली. ती काय मागत होती ते ना आजीला कळलं ना आजोबांना. शेवटी फोन लावून दिला, तर बापाचा आवाज ऐकून पोरीने असा हंबरडा फोडला की नीलेशला गाडी काढून यावं लागलं आणि तिला घेऊन परत जावं लागलं. आपल्या घरात आपली नात परक्यासारखी रडली, हे तानबाजींच्या मनातून गेलं नाही.

यंदा श्रीलताला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला उठूसुद्धा नको म्हणून सांगितलं होतं. नीलेशने फोनवर विचारलं, "बाबा, गुंजनले महिनाभर ठेवान का? पन मागच्यासारखं झालं तं मंग हैद्राबादले मावशीकडं न्या लागन तिले."

"पाठव," तानबाजी म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ही शेवटची संधी आहे. एकदा पोरीला मावशीचा लळा लागला की ती दर सुट्टीत तिकडेच जाणार. पुढे कोण आठवण काढतं अल्लीपूरची?

त्यांनी शिकायचं ठरवलं. शिकण्याची त्यांना एकच रीत माहीत होती. अक्षरओळख झाली तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. प्रौढ वर्गाच्या मास्तरांनी सांगितलं, पाटी राहू द्या, डब्यांवर चिठ्ठ्या लावा. डब्यात काय आहे ते हाताला माहीत होतंच, फक्त डोळ्याला शिकवायचं होतं. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा वाचलेला शब्द म्हणजे 'मीठ'. ज्या रीतीनं अक्षर आलं, त्याच रीतीनं भाषाही येईल, असा त्यांचा हिशेब.

शब्द द्यायला सायम्मा होती. समोरच्या घराच्या बांधकामावर तेलंगणातलं एक जोडपं होतं, त्यातली ती. रोज मीठ-तेल न्यायला यायची आणि हसत हसत एकेक शब्द देऊन जायची. ती नेत असे त्या किराण्याचे शब्द पंधरा दिवसांत संपले. मग तानबाजींनी बाकीच्या डब्यांमध्ये दुसरे शब्द भरले. हळद दुखण्यावर लावतात, म्हणून हळदीच्या डब्यात 'नोप्पि', म्हणजे दुखणं. गूळ सगळ्यांना हवा असतो, म्हणून तिथे 'कावाली', म्हणजे हवं. एरंडेल कुणालाच नको, तिथे 'वद्दु'.

बायको रुख्मिणी हे सगळं आतल्या दारातून बघत असे. एक दिवस ती म्हणाली, "अन् पोरगी घरात रडली तं काय कराल? दुकान डोक्यावर घेऊन येसान का?"

"तुले नाई समजत त्यातलं."

"मले नाईच समजत. म्हून मी इचारलं."

रविवारी नीलेश गुंजनला घेऊन आला आणि सोमवारी सकाळी, ती झोपेत असतानाच, निघून गेला. उठल्यावर ती थोडी बावरली, पण रडली नाही. जेवायच्या वेळी तानबाजी मोठ्या उमेदीनं तिच्यासमोर बसले. त्यांना एवढंच विचारायचं होतं, आणखी भात हवा का? भाताचा शब्द येत होता, हवा हाही येत होता. पण स्वयंपाकघरात डबे नव्हते. त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात मिठापासून सुरुवात केली, आणि गुळापर्यंत पोचेस्तोवर रुख्मिणीनं ताट उचललंसुद्धा.

"झोप लागली का तुमाले?" ती म्हणाली.

दुपारी गुंजनला खाटेवर निजवलं. ती उठून बसली. तिने छताकडे पाहिलं, चारी भिंतींकडे पाहिलं आणि म्हणाली, "उय्याला."

रुख्मिणीनं पाणी आणलं. तिने पेला ढकलला. "उय्याला." केळं आणलं, तेही नको. तिसऱ्यांदा म्हणताना तिचे डोळे भरून आले.

"मागच्या वर्षी हेच म्हने ते," रुख्मिणी हळूच म्हणाली. "मले वाटलं होतं मायचं नाव घेते. बाहेर जाऊन नीलेशले फोन लावा, इचारून घ्या एकडाव."

तानबाजी अंगणात गेले. दोनदा फोन लावला. नीलेश वाटेत होता, त्या वाटेवर जंगल लागतं, फोन लागला नाही. श्रीलताला लावावं, तर ती पडल्या पडल्या घोर लावून घेईल आणि म्हणेल, घेऊन या पोरीला. सायम्मा असती तर प्रश्नच नव्हता, पण समोरच्या घराचा स्लॅब टाकून झाला तसं ते जोडपं दुसऱ्या कामावर निघून गेलं होतं. आतून रडणं वाढत चाललं होतं.

ते तडक दुकानात शिरले आणि मिठाच्या डब्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणायला लागले. उप्पु, बिय्यम, पप्पु. बेचाळीसमध्ये कुठेतरी उय्याला असेलच. गुळावर हात ठेवला, "कावाली." हळदीवर ठेवला, "नोप्पि."

"कादु!"

मागे गुंजन उभी होती. गालांवर पाणी तसंच होतं, पण रडणं थांबलं होतं. म्हातारा काय करतो ते बघायला ती खाटेवरून उतरून आली होती. तिने पुढे होऊन हळदीच्या डब्याचं झाकण काढलं, बोट आत घातलं आणि पिवळं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं.

"पसुपु," ती म्हणाली. डबा हळदीचा आहे आणि आजोबा त्याला दुखणं म्हणतात, हे तिला अजिबात पटलेलं नव्हतं.

"पसुपु," तानबाजी म्हणाले.

तिने गुळाचा डबा उघडला. "बेल्लम!" आणि हातासरशी एक खडा तोंडात टाकला.

"बेल्लम," तानबाजी म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. तीन महिने खपून त्यांनी डब्यांत जे भरलं होतं ते पोरीनं दोन मिनिटांत सांडून टाकलं. पण त्याचबरोबर त्यांना एक गोष्ट सुचली. इतके दिवस त्यांनी शब्द जमवले ते बोलायला. पोरीला विचारायला एकही जमवला नव्हता. आणि ती तर, चुकीचं म्हटलं की न विचारता बरोबर शब्द देत होती.

त्यांनी खुर्चीवर हात ठेवला. "उय्याला?"

गुंजननं त्यांच्याकडे असं पाहिलं जसं दुकानदार खोट्या नाण्याकडे पाहतो. "कादु. कुर्ची."

"मायच्यान, हे तं आपलंच निघालं," तानबाजी म्हणाले. मग झाडूवर हात. "उय्याला?"

"कादु! चीपुरु!"

रुख्मिणी दारात येऊन उभी राहिली. "काय करून राह्यले जी?"

"गल्ला पाहाजो. आम्ही येतो फिरून."

"कुठं?"

"मले काय माहीत? उय्याला जिथं असन तिथं."

दोघं बाजारओळीतून निघाले. तानबाजी जे दिसेल त्याच्यावर बोट ठेवत आणि गुंजन डोकं हलवून खरं नाव सांगे. शेळी दिसली. कादु, मेका. कोंबडी. कादु, कोडी. चपलेच्या दुकानापाशी तर दुकानदारानं विचारलं, काय पाहिजे, आणि तानबाजी म्हणाले, "काही नाई, हे उय्याला नाई एवढं पाहाले आलो." गुंजनला आता मजा यायला लागली होती. आजोबा एकेक गोष्ट चुकीची सांगतात, शेळीला नि झाडालासुद्धा तेच म्हणतात, यापेक्षा गमतीचं तिनं काही पाहिलं नव्हतं. ती पुढे पळून स्वतःच वस्तू दाखवायला लागली आणि आजोबा चुकले की टाळ्या पिटायला लागली.

चालता चालता तानबाजींनी एक तपासून पाहिलं. शेळी मागे राहिली होती, दिसत नव्हती. शेळीला काय म्हणायचं? मेका. लगेच आलं. ना डोळे मिटावे लागले, ना मिठापासून सुरुवात. झाडू? चीपुरु. आलं. का बरं? तीन महिने घोकलेलं भाताच्या ताटापुढे आलं नाही, आणि हे घडीभरापूर्वीचं जिभेवर बसून आहे! ते रस्त्यात थबकले आणि विचार करत राहिले, तर नातीनंच बोटाला धरून ओढलं.

देवळामागच्या विहिरीवर दोर पडला होता. तो बघताच गुंजन ओरडली, "ताडु!" आणि एवढंच म्हणून थांबली नाही. दोर दोन्ही हातांनी धरला, वर बघितलं, आणि फार गंभीरपणे म्हणाली, "उय्याला."

"हा उय्याला?"

"कादु. ताडु." मग पुन्हा वर बोट. "उय्याला."

म्हणजे दोर नाही, पण दोराची सोयरी. तानबाजी विहिरीच्या कठड्यावर टेकले. दोरानं काय काय होतं? पाणी शेंदतात. त्यांनी बादली दाखवली. कादु. बैल बांधतात. कादु. खाट विणतात, पण खाटेवर तर ती बसलीच होती. बसली होती आणि बघत होती कुठे? छताकडे. छताला काय असतं? पंखा. त्याला कोण दोर लावतं? वरून खाली येणारं, दोराला टांगलेलं, आणि दुपारी निजायच्या वेळी लागणारं.

ते ताडकन उठले. "चाल!"

इंदिराबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचं घर शाळेच्या अलीकडेच. ओसरीत सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, टांगलेली, तिच्या कड्या चांगल्या पुरुषभर लांब. बाई बंगईवर बसून तांदूळ निवडत होत्या. फाटकातूनच गुंजनला ती दिसली आणि तिनं आजोबांचा हात सोडला.

"उय्याला! उय्याला!"

"अहो तानबाजी, ही कोण?" बाई सूप सावरत उठल्या.

"नात आहे, मॅडम. तुमची बंगई मागून राह्यली. मागच्या सालापासून."

गुंजन बंगईवर आडवी झाली, पाय पोटाशी घेतले आणि हातानं इशारा केला, झोका द्या. तानबाजी झोका देत राहिले. बाईंनी चहा आणला तोही त्यांनी एका हातानं घेतला. मागून रुख्मिणी आली. गावानं तिला दुकानात येऊन सांगितलं होतं की तानबाजी शेळ्यांना नावं विचारत फिरत आहेत.

तेवढ्यात फोन वाजला. नीलेश.

"बाबा, दोन मिस्ड कॉल दिसले. रडून राह्यली का? गाडी वळवू का? अजून घरी नाई पोचलो मी."

तानबाजींनी बंगईकडे पाहिलं. "नाई, बरी आहे," म्हणून फोन ठेवून देता आला असता. रुख्मिणीही डोळ्यांनी तेच सांगत होती, ठेवा. पण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ते वाकले आणि नातीला तिच्या भाषेत पहिला पुरा प्रश्न विचारला.

"गुंजन, नान्ना कावाला?" बाबा पाहिजे का?



गुंजननं डोळे उघडले. विचार केला. "तर्वाता," ती म्हणाली आणि एक हात लांब, पार फाटकापलीकडे झटकून पुन्हा डोळे मिटले.

तानबाजींचा चेहरा उतरला. हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. हो म्हणाली की नाही?

"सांगू का बाबा?" नीलेशच्या आवाजात हसू होतं.

"थांब, सांगू नको. मी शोधतो."

"काय शोधता आता?" रुख्मिणी पदरानं नातीचं कपाळ पुसत म्हणाली. "नंतर म्हनते ते, नंतर! हात कसा झटकला ते पाह्यलं नाई का? नीलेश, तू जाय बाप्पा घरी. अन् तुमी झोका काऊन थांबवला?"