सदतिसावी नळी

धुरपता भद्रावतीची, बापाच्या चाकापाशी वाढलेली कुंभारीण. मडक्यात चीर आहे की नाही, हे ती टिचकी मारून, डोळे मिटून सांगायची. म्हणूनच चंद्रपूरच्या वीजघराजवळच्या नव्या प्रयोगशाळेत तिला कामाला घेतलं होतं. तिथं भाजलेल्या मातीच्या साठ नळ्या होत्या. तापल्या की त्या हवेतला फक्त प्राणवायू आत घेत. त्यावर कोळशाचा गॅस जळे आणि उरलेला धूर आकाशात न सोडता टाकीत कोंडता येई. चिरलेली नळी मात्र नुसती हवा आत सोडायची, आणि मग भडका! यंत्रानं तपासून झालं तरी प्रफुल्ल साहेब शेवटी धुरपताचीच टिचकी मागत; तिथले प्रमुख तेच.

सदतिसावी नळी चिरलेल्या मडक्यासारखी बद्द वाजली होती. धुरपतानं पुन्हा वाजवली नाही. सर्दीनं कानात दडे बसले होते, आणि आधीच्या चार नळ्या तिनं बाद केल्या तेव्हा कोणीतरी हसलं होतं, "बाईले साऱ्याच फुटक्या दिसून राह्यल्या." मोठी मानी बाई! तिनं गुपचूप त्या नळीवरही 'चांगली' म्हणून खडूची खूण केली. गॅस सोडताना सगळे जाड काचेमागं असतात, कोणाला काय होणार, अशी मनाची समजूत घातली.

आज दोन दिवस तापून भट्टी लाल झाली होती. सगळे काचेमागं गेले. तेवढ्यात कोणी म्हणालं, गॅसचा वॉल्व्ह अडकला. तिथं ऑपरेटर असलेली धुरपताची लेक मयुरी तो हातानं उघडायला सरळ भट्टीकडे निघाली.

"मयुरी, थांब!" साहेब ओरडले.

"काई होत नाई, साहेब. माझ्या मायनं वाजवून पाह्यल्या हायेत साऱ्या."

मान गेला चुलीत! धुरपता धावत सुटली आणि तिनं लेकीचा हात धरला.

"नको वं! सदतिसावी बद्द वाजली. मले मालूम होतं."

मयुरीनं हात सोडवून घेतला. साहेबांनी भट्टी बंद करायला लावली.

एकदम थंड केली तर साऱ्याच नळ्या तडकतात, म्हणून भट्टी निवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी धुरपतानं सदतिसावी उचलली, तशी तिचे दोन तुकडे झाले. मग तिनं अडतिसावी घेतली, टिचकी मारली. नळी खणखणीत वाजली.

"ही चांगली हाय," ती म्हणाली.

मयुरीनं नळी तिच्या हातातून घेतली, कानाशी धरली आणि स्वतः टिचकी मारून पाहिली.