तात्यांच्या टाचांचं तेल

मी मोहाच्या बियांचं तेल. देवासच्या एका कॉलनीत, खिडकीतल्या बाटलीतून तुमच्याशी बोलतोय. जरा ऐका. ज्यांना ओरडून सांगायचं होतं, त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचलाच नाही.

माझा जन्म अमझेरा गावचा. तिथल्या पार्वतीनं मोहाखालच्या बिया वेचल्या, फोडून वाळवल्या आणि घाण्यावर दिल्या. देवदर्शनाला आलेल्या विद्युल्लतानं मला रस्त्याकडेला विकत घेतलं. "एड़ी फाटे तो लगाजो, बेन," पार्वती म्हणाली, टाच फुटली तर लाव म्हणून.

विद्युल्लताच्या सासऱ्यांना, तात्यांना, माझी गरज होती. कारखान्यात सारा जन्म उभ्यानं काम केलेलं. टाचा चैत्रातल्या काळ्या जमिनीसारख्या भेगाळलेल्या. थंडीत मी तुपासारखा थिजायचो. विद्युल्लता मला उन्हात ठेवायची, मग तात्या आंघोळीनंतर ओलसर टाचांना मला चोळायचे. तो ओलावा मी त्वचेत धरून ठेवायचो. टाचा मऊ पडल्या, चादरीत अडकेनाशा झाल्या. मी सुखावलो.

"अमृत आहे हे," तात्या सगळ्यांना सांगू लागले. तेव्हाच मला भीती वाटायला लागली.

डाव्या टाचेची एक भेग खोल गेली. तात्यांना कळलं नाही, साखरेच्या आजारानं तळवे बधिर झाले होते. ते मला त्या भेगेत भरत राहिले. आत पू होता. तिथं मी काय करणार? मी कोरड्या कातडीचा सोबती, जखमेपुढे माझं काही चालत नाही. मला धुऊन काढा, असं मी रोज विनवत होतो.

"तात्या, पाय सुजलाय. डॉक्टरांकडे जाऊ या ना," विद्युल्लता म्हणाली.

"मुळीच दुखत नाही, सूनबाई. तेलानं भरून येईल."

"दुखत नाही ना? मग टेन्शन कशाला," बूट चढवत तिचा नवरा मयुरेश म्हणाला. "मेरी शिफ्ट है, संध्याकाळी बघू."

संध्याकाळी कुणी पाहिलं नाही. न दुखणं हीच तर धोक्याची खूण होती. मोज्याला दुर्गंधी येऊ लागली, आणि माझ्या उग्र वासानं ती झाकली. माझ्याच त्या वासाची मला आजही शिसारी येते.

ताप चढला, तेव्हा तात्यांना इंदूरला नेलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

आता ते घरी आहेत. विद्युल्लता रोज त्यांचा उजवा पाय मांडीवर घेते, तळवा उजेडाकडे वळवते, बोटांच्या मधल्या जागा पाहते. मग टाचेवर बोट दाबते.

"इथं कळतंय, तात्या?"

"नाही गं."

जखम नाही ना, हे ती पुन्हा एकदा निरखते. मग ती मला थोडंसं घेते आणि टाचेला लावते.

मला जरूर लावा, पण खरखरीत, धड कातडीला. जखम दिसली तर माझं झाकणही उघडू नका, दवाखाना गाठा. तात्यांकडे आता एकच पाय उरलाय.