सतरा नंबरचा माग

मेकॅनिकल विभागात चारही वर्षांच्या मिळून चौदा मुली होत्या आणि त्यातल्या नऊ जणींची नावंसुद्धा सृष्टीला माहीत नव्हती. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला होती. विभागप्रमुख यज्ञेश्वर सरांनी तिला बोलावून सांगितलं की अभियंता दिनाला मुलींसाठी काहीतरी कार्यक्रम कर, आपल्या मुली एकमेकींत मिसळत नाहीत. सृष्टीनं ऑफिसातून यादी आणली आणि वाचता वाचता तिला नवल वाटायला लागलं. दोनशेहून जास्त मुलांच्या गर्दीत या चौदा जणी रोज त्याच जिन्यावरून चढत-उतरत होत्या, आणि कुणीच कुणाच्या ओळखीची नव्हती.

सृष्टी मोडनिंबची. वडिलांचं हायवेला खत-बियाण्यांचं दुकान होतं आणि ती जुळे सोलापुरात मावशीकडे राहून शिकत होती. हातात घेतलेलं काम नीटनेटकं करायचं हा तिचा स्वभाव. तिनं सेमिनार हॉल मिळवला, दारात रांगोळी काढली, एका निवृत्त अधिकारी बाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं, ओळख व्हावी म्हणून चिठ्ठ्यांचा खेळ ठरवला, समोसे सांगितले.

सहा जणी आल्या. त्याही एकेक खुर्ची मध्ये सोडून बसल्या. पाहुण्या चाळीस मिनिटं बोलल्या. खेळात प्रत्येकीनं उभं राहून नाव, गाव आणि छंद सांगितला. पहिल्या वर्षाची अंकिता तर फक्त नाव सांगून खाली बसली आणि पुढं कार्यक्रम संपेपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही. शेवटी समोसा हातात घेऊन ज्या त्या आपापल्या वाटेनं निघून गेल्या.

सृष्टीला वाईट वाटलं, पण दोन दिवसांत वाईट वाटणं मागं पडलं आणि उरलं ते कुतूहल. सगळं तर व्यवस्थित केलं होतं, मग चुकलं कुठं? विभागात प्रभा मॅडम प्रयोगशाळा सहायक होत्या, बावीस वर्षं त्याच इमारतीत. सृष्टी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली की न आलेल्यांना आता एकेकीला गाठून कारण विचारते.

"का आली नाहीस असं विचारू नको," प्रभा मॅडम म्हणाल्या. "पोरी घाबरून काहीतरी कारण सांगतील. काय असतं तर आली असतीस, ते विचार."

मग सृष्टी तेच विचारत हिंडली. कुणी लायब्ररीत सापडली, कुणी गाडीतळावर, कुणी बसथांब्यावर. एकीला सहल हवी होती. एकीला वाटत होतं की असल्या कार्यक्रमात नाचावं लागतं. दोघी काहीच सुचत नाही म्हणाल्या. दुसऱ्या वर्षाची चेतना तिला प्रयोगशाळेत भेटली. तिच्या गटातली तीन मुलं इंजिनाभोवती वाकून उभी होती आणि चेतना बाजूला स्टुलावर बसून जर्नलमध्ये आकडे लिहीत होती. सृष्टीनं तिलाही तोच प्रश्न विचारला. चेतनानं लिहिणं थांबवलं नाही.

"मला एकदा मशीन उघडायचंय," ती म्हणाली. "दीड वर्षात माझ्या हातात एकदाही पाना आला नाही, ताई. अक्षर चांगलं आहे म्हणून जर्नल माझ्याकडे."

सृष्टीची नजर त्या जर्नलवर गेली. तिचंही अक्षर चांगलं होतं. पहिल्या वर्षापासून तिच्या गटाचं जर्नल तीच लिहीत होती आणि त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. त्या आठवड्यात ती परत सगळ्यांकडे गेली आणि फक्त एवढंच विचारलं की गटात जर्नल कोण लिहितं. चौदापैकी अकरा जणींनी सांगितलं, मीच.

आता कार्यक्रम कसला करायचा ते ठरल्यासारखंच होतं. एखादं मशीन घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून ते खोलायचं. पण मशीन आणायचं कुठून? कॉलेजच्या वर्कशॉपमधली यंत्रं नोंदीवरची, ती खोलायला परवानगी मिळेना. मावशीच्या घराजवळच्या गॅरेजवाल्यानं तर तिला गाडी बिघडली आहे का एवढंच विचारलं. तिनं व्हॉट्सॲपवर चौदा जणींचा ग्रुप केला आणि कुणाच्या ओळखीत मोडीत निघालेलं काही आहे का, असं टाकलं. सगळ्यांनी वाचलं, उत्तर कुणाचंच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी चेतना तिला जिन्यात भेटली. बराच वेळ ती बॅगेचा पट्टा नीट करत राहिली. मग तिनं सांगितलं की अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथं जुने माग काढून नवे बसवणार आहेत. सतरा नंबरचा माग आधीच बंद करून कोपऱ्यात ठेवलाय. तो खोलायला मालक नाही म्हणणार नाहीत.

"तुझी ओळख आहे तिथं?"

"माझे वडील तिथं जॉबर आहेत," चेतना म्हणाली. "माग बिघडले की दुरुस्त करतात. वर्गात मी सांगितलंय की ते टेक्स्टाइलमध्ये आहेत. म्हणजे खोटं नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं ऑफिसात असतील."

सृष्टीनं विचारलं की मग सगळ्यांना तिथं नेलेलं तुला चालेल का. चेतना म्हणाली, तीन दिवस तेच ठरवत होते.

रविवारी सकाळी कारखान्याला सुट्टी होती. सृष्टीला वाटलं होतं सहा-सात जणी येतील. दोन रिक्षा आणि चार स्कूट्यांवरून बारा जणी आल्या. एरवी मागांच्या आवाजात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नसेल अशी ती शेड, आज शांत पडली होती. हवेत सुताची पिंज होती आणि तेलाचा वास. चेतनाचे वडील रुद्रप्पा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. पाने, हातोडे, पोपटपाने त्यांनी एका चादरीवर ओळीनं मांडून ठेवले होते. अक्कलकोटकडचा माणूस, घरात कानडी बोलणारा, मराठी जपून बोलत होता. मुलींना ते मॅडम म्हणत होते.

पहिली दहा मिनिटं कुणीच हात लावला नाही. मग एकीनं विचारलं की हा माग बंद का केला.

रुद्रप्पा म्हणाले, "सकाळी बरोबर चालतो बघा. दुपारी दोन-तीन वाजले की धोटा मधेच अडकतो, सूत तुटतं. आम्ही तिघा जॉबरनी बघितलं. पट्टा बदलला, मारा बदलला. काय कळलं नाही. शेवटी मालक म्हणाले, ठेवा बाजूला."

धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे धावणारी लाकडी होडी, आणि त्याला टोला देऊन धाडणारी काठी म्हणजे मारा. तो वेळेवर सुटला नाही तर वाटेतच अडकणार, हे मुलींना कळलं. पण सकाळी वेळेवर आणि दुपारी उशिरा, हे काय? त्या प्रश्नानं जणू सगळ्यांना मागून ढकललं. पाहता पाहता चादरीवरचे पाने उचलले गेले.

सृष्टीनं ठामपणे सांगितलं की दोष गिअरच्या दातांत असणार. तिचं ऐकून चौघींनी दोन्ही चाकं काढली, रॉकेलनं धुतली, दात मोजले, हातानं चाचपले. दात चांगले होते. अंतिम वर्षाच्या एकीला वाटत होतं की लाकूड उन्हानं फुगत असेल. त्यावर दुसरी म्हणाली की शेडमध्ये ऊन येतंच कुठं. वाद चांगलाच रंगला. प्रश्न रुद्रप्पांकडे जात होते आणि ते उत्तर देता देता स्वतःच खाली बसून दाखवायला लागले होते. कधीतरी मुली त्यांना काका म्हणू लागल्या आणि त्यांचं मॅडम म्हणणं बंद झालं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकीनं विचारलं, काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं? ते म्हणाले की कुणी नाही, आवाज ऐकून ऐकून कळत गेलं. चालत्या मागाला नुसता कान देऊन कुठला नट ढिला आहे ते ते सांगत, हे ऐकल्यावर ते कसं जमतं हे विचारायला सगळ्याच पुढं सरकल्या. चेतना गुडघ्यावर बसून एक गंजलेला बोल्ट सोडवत होती. तिचा हात थांबला होता आणि ती वडिलांकडे बघत होती.

दुपारी चेतनाच्या आईनं, गौरम्मांनी, पाठवलेला चित्रान्नाचा, लिंबाच्या भाताचा, डबा उघडला. ग्रीसचे हात राखेनं घासून मुली तिथंच गोल करून बसल्या. खातानाही बोलणं मागाचंच. अंकिता मात्र जेवून आधी उठली आणि परत मागाखाली जाऊन बसली. खालचा आडवा दांडा, ज्याच्या फिरण्यानं धोट्याला मार बसतो, तो मुलींनी सकाळी बाहेर काढला होता. तो ज्यात फिरतो ती पितळी बुश अंकितानं हातात घेतली आणि आत बोट घालून सावकाश फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

"हे गोल न्हाय," ती म्हणाली.

सगळ्या तिच्याकडं वळल्या. इतक्या जणी आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर ती जराशी चपापली, पण थांबली नाही. "हितं खालच्या अंगाला लई झिजलंय. बोट अडकतंय बघा की."

बुश सगळ्यांच्या हातांतून फिरली. डोळ्याला गोल दिसत होती, बोटाला नव्हती. रुद्रप्पांनीही बोट घालून फिरवलं. मग म्हणाले की सकाळी ते घट्ट तेल घालत, तेव्हा माग बरोबर चाले. सृष्टीच्या मनात ते जुळायला एक क्षण लागला आणि तेवढ्यात तीन-चार जणी एकदम बोलायला लागल्या. सकाळी तेल घट्ट, ते झिजेची जागा भरून काढतं. दुपारपर्यंत चालून माग तापला की तेल पातळ होतं, दांडा खाली बसतो, मार उशिरा बसतो.

"असंच असंल, पण खात्री करायला पायजे," अंकिता म्हणाली.

सोमवारी बुश कॉलेजात आणली. यज्ञेश्वर सरांनी प्रयोगशाळा वापरायला दिली, प्रभा मॅडमनी मोजमापाची उपकरणं काढून दिली. बुश खरंच अंडाकृती झिजली होती. मापं घेताना अंतिम वर्षाची मुलगी पहिल्या वर्षाच्या मुलीला डायल कसा धरायचा ते दाखवत होती, आणि आकडे ज्या त्या आपापल्या तळहातावर लिहीत होत्या. चेतनानं वर्कशॉपच्या लेथवर नवी बुश करून घेतली. रुद्रप्पांनी ती बसवली आणि चार दिवसांनी निरोप पाठवला की सतरा नंबर संध्याकाळपर्यंत चालला. मालकानं तो अजून वर्षभर ठेवायचं ठरवलं. धोटा त्यानंतरही एकदा अडकला होता, पण तो सुताच्या गाठीमुळं, असंही त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं.

चेतनानं हे सगळं वर्गात सांगितलं. माझे वडील जॉबर आहेत, असं सुरुवातीलाच सांगून. तिच्या गटातल्या मुलांनी एवढंच विचारलं की आम्हाला नेशील का. ती म्हणाली, विचारून बघते, पण जर्नल तुमच्यापैकी कुणीतरी लिहायचं.

दिवाळीनंतर सृष्टी परीक्षेच्या अभ्यासात होती आणि ग्रुप बघायला तिला दोन दिवस वेळ मिळाला नाही. बघितलं तेव्हा तिथं सत्तरएक निरोप पडले होते. अंकिताच्या गावात उसाच्या रसाचा एक चरक होता, तो सुरू केला की एका बाजूला सरकत जायचा. का, ते कुणाला माहीत नव्हतं. रविवारी तिकडं जायचं ठरलं होतं. बस कुठली, डबे कुणाचे, पाने कुणी आणायचे, सगळं वाटून झालं होतं. सृष्टीला कुणी काही विचारलंच नव्हतं. फक्त शेवटी अंकितानं लिहिलं होतं, ताई, तुमी येताय न्हवं?

सृष्टीनं पुस्तक मिटलं, चरक नेमका कुठल्या बाजूला सरकतो ते तिला विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत ती वहीच्या मागच्या पानावर चरकाचं चित्र काढत बसली.