मागची जाळी

“गेला! आई, परत गेला!”

दिव्या ओरडली तेव्हा मी नातीला, छकुलीला, मऊ भात भरवत होते. तशाच उष्ट्या हाताने आतल्या खोलीत गेले. लॅपटॉपचा पडदा काळा पडला होता आणि माझी सून दोन्ही हात डोक्याला लावून बसली होती.

सकाळपासून हे तिसऱ्यांदा. चाकणच्या एका कंपनीने तिला नऊ वाजता चाचणीचं काम पाठवलं होतं. मशीनवर घडवायचा भाग धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरचं ड्रॉइंग करायचं आणि एकच्या आत पाठवायचं. ते पसंत पडलं तर नोकरी. बाळंतपणात आधीची सुटली, त्याला अडीच वर्षं झाली. त्यानंतर जो तो “मध्ये एवढा खंड का?” एवढंच विचारून फोन ठेवायचा. या कंपनीने निदान काम तरी करून बघायला दिलं होतं. म्हणून छकुलीला सांभाळायला मी त्या दिवशी रजा टाकली होती.

“हात लावून बघा,” दिव्या म्हणाली. खालची बाजू तव्यासारखी तापली होती. तिने आधीच तो पालथ्या परातीवर ठेवला होता, टेबलफॅनही लावला होता. “बर्फ ठेवू का खाली?”

“खुळी का काय! पाणी सुटेल त्याला.”

“मग पिंपरीला दुकानात नेऊ?”

“तळेगावातून जाऊन येईस्तोवर एक वाजेल. आणि ते म्हणतील, ठेवून जा, उद्या या.”

माझा मुलगा सिद्धेश पहिल्या शिफ्टला गेलेला, त्याचा मोबाइल कंपनीच्या लॉकरमध्ये. मी हात धुतले. दिव्याला म्हटलं, एकदा चालू कर, आणि लॅपटॉपला कान लावला. इथल्या एमआयडीसीत मोटार वाइंडिंगच्या शेडमध्ये तेवीस वर्षं झाली मला. जळून आलेल्या मोटारींना तांब्याची नवी तार भरायची, हे माझं काम. गरम का झाली ते मोटार स्वतःच सांगते, ऐकणारा पाहिजे. आतला पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. मागच्या जाळीशी वर्तमानपत्राची चिंधी धरली. ती हलली नाही.

“पंखा ठीक आहे. हवेची वाट बुजलीय. सिद्धेशचा मोबाइल खोलायचा संच आण.”

“आई, तुम्ही मोटारी खोलता. हा लॅपटॉप आहे!”

“पंखा तो पंखाच गं. केलेलं काम जपून ठेवलंयस ना?”

“दर पाच मिनिटांनी ठेवते.”

“मग घाबरू नकोस.”

तिने संच आणला. लॅपटॉप जरा निवू दिला, पालथा केला. दहा स्क्रू निघाले, ते निघाले त्या क्रमाने ताटात मांडले. झाकण अलगद उचललं, बॅटरीची पिन सोडवली. पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक पट्ट्या होत्या आणि त्यांच्यामध्ये लोकरीच्या नमद्यासारखा दाट थर बसला होता.

थर लाल होता.

मला लगेच कळलं. कुंकू. त्यात हळद, उदबत्तीची राख, निरांजनाच्या काजळीने सगळं घट्ट धरलेलं. एका कोपऱ्यात तांदळाचा दाणा, अक्षतेचा.

देवपूजा झाली की ज्या वस्तूंवर घर चालतं त्यांना हळदकुंकू वाहायचं, हा माझा लग्नापासूनचा नेम. शेगडी, सिद्धेशची गाडी, शिवणयंत्र. दिव्याचा लॅपटॉप आला तेव्हा त्यालाही. एकदा ती म्हणाली, “आई, झाकणावरचं कुंकू ओढणीला लागतं.” मग मी कुणाच्या अंगाला लागणार नाही अशी जागा शोधली. मागची जाळी. रोज सकाळी चिमूटभर तिथे, वर अक्षता, मग उदबत्ती-निरांजन ओवाळायचं.

“हे काय आहे?” दिव्याने विचारलं.

धूळ म्हटलं असतं तर तिने मान डोलावली असती. त्या घाईत कोण बघतंय? पण देवासमोर हात जोडून उठलेल्या बाईने तासाभरात खोटं कसं बोलायचं?

“कुंकू आहे. मी वाहते ते. चूक माझी आहे, दिव्या.”

“रोज?”

“रोज. तू या कंपनीत अर्ज केलास तेव्हापासून दोन चिमटी.”

ती एकदम हसायला लागली, डोळे पुसत. “ह्यांना सांगू नका हां. जन्मभर चिडवतील आपल्याला.”

“तू आधी सायकलचा पंप आण.”

पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं, माझ्या पिशवीतल्या वाइंडिंगच्या ब्रशने थर मोकळा केला, पंपाने हवा मारली. फरशीवर लाल सडा पडला. दाणा चिमट्याने काढला. बॅटरीची पिन जोडली, झाकण लावलं, स्क्रू उलट्या क्रमाने बसवले. सव्वाअकराला लॅपटॉप चालू झाला आणि जाळीशी धरलेली चिंधी माझ्या बोटांतून उडून गेली.

“बस आता. कुणी हाक मारणार नाही तुला.”

छकुलीला कडेवर घेऊन मी गच्चीवर गेले. एक वाजायला आठ मिनिटं असताना दिव्या जिना चढून आली. “पाठवलं,” एवढंच म्हणाली.

गुरुवारी फोन आला. सोमवारपासून रुजू व्हायचं. दिव्याने मला मिठी मारली आणि लगेच बाजूला झाली. “आई, छकुलीचं काय?”

“मी आहे की.”

“पण तुमचं काम?”

“ते माझं मी बघते.”

शेडच्या मालकांना, मालोजीभाऊंना, फोन करून काम सोडतेय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “जयमालाताई, पगाराचं काय आसंल तर बोला. वाढवून देतो.”

“तसं न्हाई, भाऊ. नात हाय घरी.”

“मग काय बोलनार मी? शनिवारी येऊन त्या नव्या पोरीला टेबल दावून जा.”

शनिवारी गेले. नवी पोरगी भाग्यश्री, आयटीआय झालेली, बोलायला चुणचुणीत. हत्यारं कुठे, कुठल्या तारेला कुठला इन्सुलेशनचा कागद, सगळं तिला दाखवलं. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मग ती माझ्या स्टुलावर बसली. उंचीने लहान, पाय अधांतरी लोंबायला लागले.

“थांब जरा,” म्हटलं. तिला उठवलं, खाली बसले आणि स्टुलाची उंची कमी करायचा आटा फिरवायला लागले. तेवीस वर्षं एकाच उंचीवर होता, सहज हलेना. जोर लावला. बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकतील एवढं स्टूल खाली येईपर्यंत फिरवत राहिले.